गोल खाल्ल्यावर "विसर" म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

कर्वेनगरची_आई | गुरुवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझी लेक १५ वर्षांची. तीन वर्षं फुटबॉल खेळते, त्यातली दोन गोलमध्ये. नेहमीची कीपर एक दिवस आली नाही आणि हिची उंची सगळ्यांत जास्त, म्हणून सरांनी ग्लोव्हज हिच्या हातात दिले. घरी येऊन म्हणाली, "आई, तिथून सगळं मैदान दिसतं." त्यानंतर तिने दुसरी जागा मागितली नाही.

गेल्या रविवारी मॅच होती. १-१ चालू होतं, शेवटची पाच मिनिटं. लांबून एक साधा, जमिनीलगतचा चेंडू आला. ती बसली, हात खाली घेतले आणि चेंडू तिच्या पायांमधून गेला. इतका हळू की जाळीसुद्धा हलली नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीचे बाबा मोठ्याने म्हणाले, "अरे काय हे!" ते तिला ऐकू गेलं, कारण तिने आमच्याकडे बघितलं.

परत येताना स्कूटरवर मागे बसली, पण ग्लोव्हज काढले नव्हते. नळ स्टॉपच्या सिग्नलला तिचे ते ओले, मातीने माखलेले पंजे माझ्या पोटाशी होते. घरी जेवली, अभ्यास केला, पण बोलली नाही. सर म्हणाले, "विसर. कीपरची स्मरणशक्ती कमीच असावी लागते." काल रात्री तिने मला विचारलं, "आई, विसरायचं म्हणजे नेमकं काय करायचं? डाइव्ह कशी मारायची ते सर दाखवतात. हे का नाही दाखवत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्यावसायिक कीपर हे कसं करतात? आणि आई म्हणून दुसरा प्रश्न: मनाला लावून घेणाऱ्या मुलीसाठी ही जागा बरोबर आहे का?

धोबीघाट_लेफ्टविंग | गुरुवार, रात्री ११:०५

तिला सांगा, चेंडू तिच्यापर्यंत पोचायच्या आधी दहा जणींना चुकवून आला होता.

सेंटरबॅक_कायमची | गुरुवार, रात्री ११:२०

@धोबीघाट, हे वाक्य मी आमच्या कीपरला कॉलेजात शंभरदा ऐकवलं असेल. एकदा ती म्हणाली, "मला माहितीये गं, पण स्कोअर माझ्या मागे लिहितात." त्यानंतर मी ते वाक्य म्हटलं नाही. आपण दहा जणी चुकलो तरी खेळ चालू राहतो. ती चुकली की शिट्टी वाजते आणि चेंडू मध्यावर जातो. हा फरक आहे, आणि तो आहे हे मान्य करूनच तिच्याशी बोलायला हवं.

पूर्वबाजू_शाहूस्टेडियम | गुरुवार, रात्री ११:४८

ताई, मी कोल्हापूरचा, नोकरीसाठी हिंजवडीत. आमच्याकडं गोलीचं दुखणं वेगळंच असतंय. तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचला शाहू स्टेडियम गच्च भरलेलं. रविवारी गोलीनं साधा बॉल सोडला की सोमवारी मिसळच्या गाडीवर, दूध कट्ट्यावर, सगळीकडं तोच विषय. आमच्या गल्लीतला एक गोली आठवडाभर मागच्या बोळातनं कामावर जायचा. पण पुढच्या मॅचला त्याच माणसानं पेनल्टी धरली आणि पोरांनी खांद्यावर घेऊन त्याला त्याच गाडीवर नेलं.

माझं सरळ मत, राग मानू नका: ही जागा जाड कातडीच्या माणसाची. लावून घेणाऱ्यानं विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळावं.

डेटा_आणि_डाळभात | शुक्रवार, सकाळी ७:३०

जाड कातडीचं मला पटत नाही. कीपरच्या मनावर काय ताण असतो याचा एक अभ्यास इस्रायली संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. मोठ्या स्पर्धांमधल्या २८६ पेनल्टी त्यांनी तपासल्या. कीपर जवळजवळ ९४ टक्के वेळा डावीकडे किंवा उजवीकडे झेपावले. मध्ये उभे राहिले फक्त ६ टक्के वेळा. पण फटक्यांपैकी २९ टक्क्यांच्या आसपास मध्येच आले होते, आणि जे उभे राहिले त्यांनी सुमारे एक तृतीयांश फटके अडवले. झेपावणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी जास्त.

मग उभे का राहत नाहीत? संशोधकांचं म्हणणं असं: झेपावून गोल झाला तर "प्रयत्न केला" म्हणतात, उभं राहून झाला तर "खांबासारखा उभा होता". लोक काय म्हणतील हे त्या अर्ध्या सेकंदातसुद्धा डोक्यात असतं. म्हणजे जगातले पट्टीचे कीपरही लावून घेतातच.

सदाशिव_तिसरामजला | शुक्रवार, सकाळी ९:१५

थोडं विषयांतर, पण विकेटकीपरचं दुःख याच घराण्यातलं. १९९० ची लॉर्ड्स कसोटी. इंग्लंडचा गूच ३६ वर असताना किरण मोरेंकडून झेल सुटला. गूच पुढे ३३३ करून गेला. मोरे एवढा वेळ यष्टींमागे बसत-उठत राहिले, प्रत्येक चेंडूला. मी रेडिओला कान लावून होतो. ते कसं केलं असेल याचा विचार मी आजही करतो.

सेंटरबॅक_कायमची | शुक्रवार, सकाळी ९:४०

@सदाशिव, चांगलं आठवलंत. पण विकेटकीपरला पुढचा चेंडू मिनिटाभरात मिळतो. गोलकीपरला कदाचित वीस मिनिटं मिळणार नाही. कदाचित त्या मॅचमध्ये मिळणारच नाही. चूक करायची आणि मग नुसतं उभं राहायचं. मला वाटतं खरी कसोटी तिथेच आहे.

एसएसपीएमएसचा_गोली | शुक्रवार, दुपारी १:१०

मी बारा वर्षं पुण्याच्या लीगमध्ये गोलमध्ये उभा होतो. एसएसपीएमएसच्या मैदानावर कुल्ह्याचं आणि कोपराचं जेवढं सालटं सांडलंय, त्यावर माझा थोडाफार हक्क आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या सरांचा हेतू चांगला आहे, पण मला ती कमी स्मरणशक्ती कधीच लाभली नाही. १९९८ चा एक गोल मला अजून दिसतो. चेंडूची एक शिवण उसवली होती आणि तो सुटलेला पट्टा फिरताना फडफडत होता. मी पट्ट्याकडे बघत राहिलो. चेंडू डाव्या हाताखालून गेला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली.

तर विसरणं सोडून द्या. आमच्या कोचचा एक नियम होता: रविवारचा गोल मंगळवारी. मॅचमध्ये त्याच्यावर बोलायचं नाही, घरी जाताना नाही, सोमवारी नाही. मंगळवारी संध्याकाळी ते मला बरोबर त्याच जागी उभं करायचे आणि तोच चेंडू तीस वेळा टाकायचे. मग विचारायचे, "पाय कुठे होते?" गोल का झाला, कुणामुळे झाला, यातलं काही नाही. फक्त पाय कुठे होते. एकदा ते सापडलं की तो गोल माझ्या छातीवरून उतरून पायात जायचा, आणि पायाचं दुरुस्त करता येतं.

मनाला "नंतर" म्हणता येतं, पण ते नंतर खरोखर यावं लागतं. मंगळवार आलाच नाही तर मन रविवारीच हिशेब मागायला लागतं.

आता @सेंटरबॅक म्हणतात ती रिकामी वीस मिनिटं. गोल झाला की मी चेंडू स्वतः जाळीतून काढून मध्याकडे फेकायचो. मग डाव्या खांबाला हात, उजव्या खांबाला हात, आणि चार पावलं पुढे. बघणाऱ्याला वाटतं अंधश्रद्धा आहे. पण २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच चौकटीत पाठ करून उभं राहायचं असतं. म्हणजे १९२ चौरस फूट, आपल्या दहा-बाय-बाराच्या खोलीपेक्षा बरंच मोठं. खांबाला हात लावल्याने आपण कुठे आहोत ते शरीराला कळतं. त्यानंतर चेंडू समोरच्या अर्ध्यात असला तरी त्याच्याबरोबर हलत राहायचं. तो डावीकडे गेला की आपणही दोन पावलं डावीकडे. पाय कामाला लागले की डोकं मागे मागे येतं.

आणि एक विचारतो. तुम्ही लिहिलंय, "ती बसली, हात खाली घेतले." जमिनीलगतच्या चेंडूला हातांच्या मागे एक गुडघा आडवा टेकवायचा असतो, दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ. हात चुकले तर मांडीची भिंत असते. तिचा गुडघा आडवा होता का?

बालेवाडी_उत्तरबाजू | शुक्रवार, दुपारी २:००

पुण्याच्या धाग्यात कीपर विशाल कैथचं नाव नाही म्हणजे काय! एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळताना आम्ही त्याला बघितलाय, हिमाचलचा पोरगा. पुढे मोहन बागानकडून २०२३ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात शूटआउटमध्ये त्याने पेनल्टी अडवली आणि संघ जिंकला. त्या मोसमाचा गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम कीपरचा पुरस्कारही त्यालाच. बालेवाडीत त्याने खाल्लेले गोलही मी पाहिलेत, म्हणून ते बघताना डोळे भरून आले.

आणि भारताचा कीपर गुरप्रीत. सप्टेंबर २०१९, दोहा, समोर आशियाई विजेता कतार. आपण ०-० ने बरोबरी केली ती त्याच्या हातांवर. सुनील छेत्री नव्हता, कप्तान गुरप्रीतच.

शिट्टी_आणि_कार्ड | शुक्रवार, दुपारी ३:२५

मी स्थानिक स्पर्धांत रेफरी आहे. कॉर्नरच्या वेळी आम्ही कीपरच्या सगळ्यांत जवळ असतो, त्यामुळे ते स्वतःशी काय बोलतात ते ऐकू येतं. एक मुलगा प्रत्येक कॉर्नरला "ये, ये, ये" म्हणतो. चेंडूला बोलावतो तो. एक जण आईच्या हाका मारल्यासारखं स्वतःचंच नाव घेतो. चांगले कीपर गप्प नसतात एवढं नक्की.

ताईंच्या मुलीसाठी एक नियमाची गोष्ट. पूर्वी चेंडू हातात धरायला सहा सेकंद होते, पण ते कुणी पाळत नव्हतं आणि आम्हीही क्वचितच मोजायचो. २०२५ मध्ये नियम बदलला. आता आठ सेकंद, शेवटची पाच रेफरी हात वर करून दाखवतो, आणि ओलांडले तर समोरच्या संघाला कॉर्नर. घाबरलेला कीपर चेंडू छातीशी घट्ट धरून बसतो. आता तेवढा वेळ मिळत नाही. पेनल्टीला फटक्याच्या क्षणी एक पाय तरी रेषेवर हवा, हेही तिला आत्ताच सवयीचं करा.

सेंटरबॅक_कायमची | शुक्रवार, दुपारी ४:०५

@शिट्टी यांनी माझ्या मनातलं लिहिलं. सगळे इथे गोल अडवण्याबद्दल बोलतायत, पण कीपरचं निम्मं काम तोंडाचं आहे. मी बचावात खेळायचे, माझी पाठ तिच्याकडे. मला मागचं दिसत नाही, तिला सगळं दिसतं. "मॅन ऑन!" (मागे कुणी आलंय), "लाइन वर!" (बचावाची रांग पुढे घ्या), "माझा!" (चेंडू मी घेते) हे तीन शब्द वेळेवर आले तर फटका बसतच नाही, आणि जो फटका बसलाच नाही तो कुणाच्या हिशेबात येत नाही. आमच्या कीपरने एका मॅचमध्ये एकही चेंडू अडवला नव्हता आणि ती मैदानावरची सगळ्यांत दमलेली मुलगी होती. घसा बसला होता.

१९९२ पासून तर सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास कीपरला हातात घेता येत नाही. त्यामुळे पायाचंही काम वाढलं. २०१४ च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध जर्मनीचा कीपर नॉयर पेनल्टी बॉक्सच्या कितीतरी बाहेर येऊन चेंडू साफ करत होता, ते बघितलेलं असेल.

ताई, तो गोल झाल्यावरच्या पाच मिनिटांत ती ओरडत होती का? की गप्प झाली?

औंधचा_डॉक्टर | शुक्रवार, रात्री ९:३०

दोन गोष्टी, वैद्यकीय बाजूने. २०१८ ची चॅम्पियन्स लीग फायनल. लिव्हरपूलचा कीपर कारियस याने दोन ढोबळ चुका केल्या आणि जग त्याला हसलं. काही दिवसांनी बॉस्टनच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं तेव्हा कळलं की त्या सामन्यात त्याच्या मेंदूला धक्का बसला होता. पहिली चूक झाली ती समोरच्या संघाच्या रामोसशी टक्कर झाल्यानंतर. तेव्हा चूक बघितली की आधी विचारा: डोकं कुठे आपटलं होतं का? कीपर पेत्र चेक २००६ मध्ये मैदानावर डोक्याला झालेल्या अपघातानंतर निवृत्तीपर्यंत डोक्याला संरक्षक टोपी घालून खेळला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरं, इटलीचा कीपर बुफॉन. विश्वचषक जिंकण्याच्या दोन-तीन वर्षं आधी तो नैराश्यातून गेला होता, आणि ते त्याने स्वतः उघडपणे सांगितलं. मदत घेतली, बरा झाला, ४५ व्या वर्षापर्यंत खेळला. तुमची लेक जेवते, अभ्यास करते, प्रश्न विचारते, ही चांगली लक्षणं आहेत. झोप उडाली किंवा मैदानावर जायचं नको झालं, तर मात्र थांबू नका, कुणाशी तरी बोला.

मराकाना१९५० | शनिवार, सकाळी ८:००

त्या "अरे काय हे" म्हणणाऱ्या बाबांपर्यंत हे पोचावं असं फार वाटतं.

१६ जुलै १९५०. रिओच्या मराकानावर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं. ब्राझीलला विश्वचषकासाठी बरोबरी पुरेशी होती. उरुग्वेचा पहिला गोल असा झाला: जिज्जा उजवीकडून धावत आला, आत पास दिला, स्कियाफिनोने मारला. ७९ व्या मिनिटाला जिज्जा पुन्हा तिथूनच आला. ब्राझीलचा कीपर बारबोसा तसाच पास येणार म्हणून किंचित आत सरकला. जिज्जाने जवळच्या खांबालगत मारला. २-१.

पन्नास वर्षं बारबोसाला देशाने माफ केलं नाही. तो स्वतः म्हणायचा की ब्राझीलमध्ये सगळ्यांत मोठी शिक्षा ३० वर्षांची, आणि आपण त्याहून जास्त भोगतोय. २००० मध्ये गेला. ब्राझीलच्या उत्तम कीपरांपैकी एक होता.

@एसएसपीएमएसचा_गोली, तुमच्या नियमाला यातून एक आधार मिळतो असं मला वाटतं. बारबोसाने पहिला गोल मॅचमध्येच लक्षात ठेवला आणि त्यावर उपाय केला.

एसएसपीएमएसचा_गोली | शनिवार, सकाळी १०:२०

@मराकाना, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. पण मी बारबोसाच्या बाजूने उभा राहीन. दोनदा तोच माणूस त्याच बाजूने येतोय म्हटल्यावर कुठलाही कीपर पासचा अंदाज घेणारच. त्याचा निर्णय शहाणा होता आणि गोल झाला. असंही होतं. मंगळवारी तीस चेंडू टाकल्यावर कधीकधी उत्तर येतं, "पाय बरोबरच होते." ते उत्तर पचवायला मला सगळ्यांत जास्त वर्षं लागली.

पूर्वबाजू_शाहूस्टेडियम | शनिवार, दुपारी १२:४५

सगळं वाचलं. बारबोसाचं वाचून जेवण गेलं नाही. ताई, ते विंगला खेळावं म्हटलेलं मी मागं घेतो. आमच्या त्या गोलीला काल रात्री फोन केला. म्हटलं, तवा तू बोळातनं का जायचास? म्हणाला, "लोकांना भिऊन न्हाय. गाडीवर गेलो असतो तर दोस्तांनी माझ्यासाठी भांडणं केली असती." त्याला लावूनच घ्यायची सवय होती, आम्हालाच कळलं न्हाई. वीस वर्षांनी विचारलं मी.

कर्वेनगरची_आई | रविवार, रात्री ९:१५

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. एकेक करून उत्तर देते.

गुडघ्याचा प्रश्न मी शुक्रवारीच तिला विचारला. एका क्षणात म्हणाली, "नव्हता. दोन्ही गुडघे उघडे होते." म्हणजे तिला पाच दिवस माहीत होतं. कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा. मग आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी चेंडू घरंगळवत राहिले आणि ती गुडघा टेकवून धरत राहिली. तीस मोजले. सव्विसाव्याला माझाच हात दुखायला लागला. वॉचमनकाकांनी उरलेले टाकले. मंगळवारपर्यंत थांबायला हवं होतं, पण आधीचा मंगळवार आम्ही वाया घालवला होता.

@सेंटरबॅक, त्या पाच मिनिटांत ती पूर्ण गप्प होती. तिलाच विचारलं. म्हणाली, "माझं कोण ऐकणार होतं आता?"

@डॉक्टर, डोकं कुठेही आपटलं नव्हतं. झोप ठीक आहे.

आज मॅच होती. विसाव्या मिनिटाला कॉर्नरवर गोल झाला. माझ्या पोटात गोळा आला. तिने चेंडू जाळीतून काढला, मध्याकडे फेकला, डाव्या खांबाला हात लावला, उजव्या खांबाला लावला आणि पुढे येऊन इतक्या जोरात ओरडली की कठड्यापाशी ऐकू आलं: "चार नंबर, ती तुझी होती! पुढच्या वेळी माझ्याकडे बघ!" चार नंबरने अंगठा दाखवला. १-० ने हरलो. ते बाबा आजही होते. काही बोलले नाहीत, मॅच संपल्यावर तिला पाण्याची बाटली दिली.

येताना स्कूटरवर चार नंबरबद्दलच बोलत होती, नळ स्टॉप ते घर. ग्लोव्हज पिशवीत होते.

एक शेवटची शंका. ते ग्लोव्हज तिने आत्ताच आल्या आल्या वॉशिंग मशीनमध्ये टाकलेत. चालतं का?

एसएसपीएमएसचा_गोली | रविवार, रात्री ९:१७

ताई, मशीन आधी बंद करा! कोमट पाण्यात हाताने, पंज्याची बाजू अंगठ्याने हलके चोळून. पिळायचे नाहीत. आणि उन्हात नको, सावलीत वाळू द्या, नाहीतर त्यांचा पापड होतो.

कर्वेनगरची_आई | रविवार, रात्री ९:१९

काढले. फक्त भिजले होते.